दवाखाना प्रत

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला सप्तवर्णी डायकेमच्या वकिलांची ईमेल आली, तेव्हा संचिता घाग बेसिनपाशी जेवणाचा डबा धूत होती. या ईमेलची ती आठ दिवस वाट बघत होती. ओले हात ओढणीला पुसत ती लॅपटॉपपाशी आली.

नौपाड्यातलं त्यांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत संचिता आणि कागदांची चार कपाटं, आतल्या खोलीत अ‍ॅडव्होकेट उत्तरा देवल. उत्तराताईंनी वीसेक वर्षं कामगारांच्या केसेस लढवल्या, आणि मग ही छोटी संस्था काढली. एखादा कारखाना काय बनवतो, माल कुणाला विकतो, आणि तो बनवताना कुणाच्या तब्येतीची वाट लागते, याचा माग काढून त्या अहवाल लिहीत. संचिता लॉ झाल्यावर बँकेच्या लीगल डिपार्टमेंटमधली नोकरी सोडून इथे आली, त्याला चार वर्षं झाली होती. डोंबिवलीतल्या घरी वडील अजून पाहुण्यांना "ती सध्या अनुभव घेतेय" असं सांगत.

सप्तवर्णीचा अहवाल हे तिचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम. डोंबिवली एमआयडीसीतली ही कंपनी कापड रंगवायच्या रंगांचा कच्चा माल करायची. तिथल्या कंत्राटी कामगारांची डोकी दुखत, दम लागे, ओठ आणि नखं निळसर पडत. कंपनी दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त तपासायची, पण रिपोर्ट कुणाच्या हाती द्यायची नाही. ज्याच्या रिपोर्टमधला आकडा वाढे त्याला "सध्या ब्रेक घे" असं सांगितलं जाई आणि पुन्हा बोलावणं येत नसे. संचिताने बंदरातून गेलेल्या मालाच्या नोंदी तपासून तो रंग युरोपातल्या कुठल्या कपड्यांच्या कंपनीपर्यंत जातो तेही शोधून काढलं होतं. पण अहवालाचा जीव होता एका कागदात. एकतीस नावं, एकतीस आकडे, आणि ब्रेक दिलेल्या अकरा नावांपुढे पेनाने केलेली फुली.

अहवाल छापण्याआधी कंपनीला आपली बाजू मांडायची संधी द्यायची, हा उत्तराताईंचा नियम. म्हणून संचिताने पत्र पाठवलं होतं, सोबत त्या कागदाची नावं झाकलेली प्रत.

उत्तर चारच ओळींचं होतं. "परिशिष्ट तीन म्हणून आपण जोडलेला कागद ही आमच्या कंपनीच्या दवाखान्यातील प्रत असून ती तेथून चोरीस गेली आहे. याबाबत अंतर्गत चौकशी सुरू करण्यात आली आहे. पुढील कारवाईचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत."

आरोपांबद्दल एक अक्षर नव्हतं. संचिताने पुन्हा वाचलं. दवाखान्यातली प्रत? हे यांना कसं कळलं?

तिने आपणच पाठवलेलं परिशिष्ट उघडलं. नावं नीट काळी केलेली होती. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईत, तिरपा शिक्का: "दवाखाना प्रत".

ती खुर्चीवर बसली. त्या कागदाच्या तिने तीन फाइली केल्या होत्या. पहिली मूळ, दुसरी नावं झाकलेली, तिसरी नावं झाकून कडा कापलेली. छापून पाठवायची होती तिसरी. गेली होती दुसरी. त्या दिवशी पाच वाजून गेले होते, कुरिअरवाला खाली हाका मारत होता, आणि तिने दोन्ही फाइलींची नावं जवळजवळ सारखीच ठेवली होती.

तो कागद हौसाबाईंनी दिला होता. हौसाबाई कंपनीच्या दवाखान्यात झाडलोट करत. मूळच्या कराडकडच्या, शहाडला राहणाऱ्या, पन्नाशीच्या. जानेवारीत त्यांनी संचिताच्या हातात चार घड्या घातलेला तो कागद ठेवला होता आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "माझं नाव कुठं येऊ देऊ नका, ताई. घरात कमावणारी मी एकलीच हाय."

"अजिबात येणार नाही, मावशी," संचिता म्हणाली होती.

ती अजून त्या शिक्क्याकडेच बघत असताना फोन वाजला. हौसाबाईच होत्या.

"ताई, सोमवारी सकाळी दहाला चौघांला हापिसात बोलावलंय. मी, दुसरी झाडूवाली, वॉचमन आन् कंपाउंडर दिपेश. दवाखान्याची चावी आमच्याकडं असती म्हणून. काय झालंय काय?"

सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. "मावशी, मी उद्या सकाळी घरी येते. फोनवर नको बोलायला."

"बरं," हौसाबाई म्हणाल्या. "या."

आतल्या खोलीतून उत्तराताईंनी हाक मारली. "संचिता, जरा ये गं. ऐक, बरं वाटतंय का सांग."

संचिताने परदेशातल्या एका विद्यापीठात मानवी हक्कांच्या कायद्याच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. सोमवारपर्यंत उत्तराताईंचं शिफारसपत्र जायला हवं होतं. त्या चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावरचं वाचत होत्या. "साक्षीदारांच्या सुरक्षिततेबाबत ती अत्यंत काटेकोर आहे. हा शब्द बरा आहे ना? काटेकोर?"

संचिता दारातच उभी राहिली. गप्प बसायला फार काही लागलं नसतं. कंपनीला अंदाज आला असेल, असं म्हणता आलं असतं. उत्तराताई ती फाइल उघडून बघायला गेल्या नसत्या, त्यांचा तेवढा विश्वास होता.

"तो शब्द काढा, ताई," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झालीये. मोठी."

तिने सगळं सांगितलं. उत्तराताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग परिशिष्ट उघडून त्यांनी शिक्का पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कागद कुणी दिला हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"आणि तिला," उत्तराताई म्हणाल्या. "मोजताना तिला आधी मोजायचं. तिला सांगितलंस?"

"नाही. फोनवर धीर झाला नाही."

"मग उद्या जाऊन सांग. तूच सांगायचंस, मी येणार नाही. चूक झाली म्हणून रडू नकोस तिच्यासमोर, नाहीतर तिला तुझीच समजूत काढत बसावं लागेल." त्या उठल्या आणि खिडकीशी गेल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण संचिताला तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "अहवाल थांबला. तिचं काय ते ठरेपर्यंत एक ओळ बाहेर जाणार नाही. आणि हे पत्रही मी आज पाठवत नाही."

"नका पाठवू," संचिता म्हणाली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ती शहाडला पोचली. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत हौसाबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. आत त्यांच्या बहिणीचा मुलगा पोपट बसला होता. चौतीस वर्षांचा असेल, पण जिना चढून आल्यासारखा श्वास घेत होता. सप्तवर्णीत चार वर्षं कंत्राटावर होता. ऑगस्टमध्ये ब्रेक मिळाला तो मिळालाच. कागदावर सतराव्या ओळीत त्याचं नाव होतं आणि पुढे फुली.

हौसाबाईंनी चहा ठेवला. संचिताने चहा होईपर्यंतही थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

"मावशी, ती चौकशी माझ्यामुळे लागलीये. कागदावर दवाखान्याचा शिक्का होता. तो कापून पाठवायचा होता. मी न कापता पाठवला."

हौसाबाईंनी गॅस बंद केला. पाठमोऱ्याच त्या बोलल्या.

"म्हंजी त्यांला कळलं."

"दवाखान्यातून आला एवढं कळलंय. कुणी आणला ते नाही."

"चौघं तर हायती. कळायला किती येळ लागतोय?" त्या वळल्या. "मी तुमच्याकडं काय मागितलं होतं, ताई? पैसा मागितला? कामाला लावा म्हणले? एकच गोष्ट मागितली होती."

संचिताने मान खाली घातली नाही. खाली घालावीशी फार वाटत होती. "हो. एकच."

पोपट पुढे सरकला. "मावशे, थांब. मी सांगतो ना, मी काढलेला फोटो. टेस्टला गेलेलो तेव्हा टेबलावर कागद पडलेला, मोबाइलमध्ये काढला. मला काय करणारेत? आधीच काढून टाकलंय मला. खतम विषय."

क्षणभर संचिताचं मन हलकं झालं. किती सोपं होतं. शिक्क्याचं उत्तर मिळालं असतं, हौसाबाई सुटल्या असत्या, तिची चूकही कुणाला दिसली नसती. आणि नेमकं ते शेवटचं कारण मनात आल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली.

"नको, पोपटदादा. तो कागद छापलाय सप्टेंबरमध्ये. तारीख आहे त्यावर. तुम्ही ऑगस्टमध्येच बाहेर पडलात. तुमचं खोटं एका मिनिटात उघडं पडेल, मग ते म्हणतील आकडेही खोटे आहेत. तुमचाही आकडा."

"खोटं बोलायचं न्हाईच," हौसाबाई म्हणाल्या. "आन् चोरी तरी कुठं केलीया मी? मॅनेजरनं गठ्ठा दिला होता मला. बॉयलरपाशी नेऊन जाळ म्हणाला. दोन वर्षांचे कागद. मी टाकत होते एकेक. मधीच ह्याचं नाव दिसलं. चौथीपर्यंत शिकलीया मी, नाव वाचता येतं. म्हणून तेवढा एक ठेवला."

संचिता पुढे सरकली. "जाळायला दिला होता? हे तुम्ही आधी नाही सांगितलं."

"तुम्ही कुठं इचारलं?"

खरं होतं. जे विचारायला हवं होतं तेच ती विचारायला विसरली होती. कागद हाती आला याच आनंदात. तिने तिथूनच उत्तराताईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. उत्तराताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हौसाबाई, नमस्कार. नीट ऐका. कामगारांच्या तपासणीच्या नोंदी जपून ठेवायच्या, आणि कामगाराने मागितल्या तर त्याला दाखवायच्या, असं कायदा सांगतो. त्या जाळणं हा त्यांचा गुन्हा आहे. पण सोमवारी तुम्ही स्वतःहून काहीच बोलायचं नाही. स्वतःविरुद्ध बोलायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. कशावरही सही करायच्या आधी शब्द न् शब्द वाचून घ्यायचा, आणि लिहिलेल्याची प्रत मागायची. प्रत देत नसतील तर सही नाही. लक्षात राहील?"

"प्रत न्हाई तर सही न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी गॅस पुन्हा पेटवला आणि संचितासमोर चहाचा कप ठेवला. तिच्याकडे न बघता.

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना हौसाबाई कंपनीच्या गेटमधून आत गेल्या. संचिता आणि पोपट समोरच्या चहाच्या टपरीवर थांबले. हवेत नेहमीचा आंबूस, डोळे चुरचुरवणारा वास होता. टपरीवाल्याच्या बरण्यांवरही कसलीशी पिवळी भुकटी बसली होती.

साडेदहा झाले. अकरा. दुसरी झाडूवाली बाहेर आली आणि कुणाकडेही न बघता स्टॉपकडे निघून गेली. पाठोपाठ वॉचमन परत आपल्या जागेवर येऊन बसला. म्हणजे आत दोघंच उरले होते. गेटवरचा सिक्युरिटीवाला मोबाइल उंच धरून संचिताचे फोटो काढायला लागला. पोपट उठला, तिने त्याला हाताला धरून बसवलं.

"काढू दे. रस्ता सरकारी आहे."

साडेअकराला इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण रस्ता ओलांडून आला. "संचिता मॅडम ना? आमचे साहेब म्हणतायत, इथे उन्हात कशाला बसताय? आत या, एसीत बसून बोलू. गैरसमज असेल तर मिटवून टाकू. तुमच्यासारख्या हुशार लोकांची कंपनीलाही गरज असते."

"साहेबांना सांगा, जे सांगायचंय ते लिहून पाठवा. आठ दिवस दिले होते."

"मॅडम, चोरीचा माल घेणाऱ्यावर पण केस होते, तुम्हाला तर माहीत असेल." तो हसतच बोलला आणि हसतच गेला.

केसची भीती होतीच; पण आत त्या बाईला एकटीला बसवून आपण बाहेर चहा पितोय, याने जास्त जीव खाल्ला. बारा वाजले. साडेबारा. पोपटचा दम वाढला म्हणून तिने त्याला सावलीत नेऊन बसवलं आणि पाणी आणून दिलं. त्याचे ओठ तिने इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले.

एक वाजून दहा मिनिटांनी हौसाबाई बाहेर आल्या. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला, हातात दोन कागद. त्यांच्या मागे कंपाउंडर दिपेश, डोळे लाल झालेला पंचविशीचा पोरगेला माणूस.

"सांगितलं मी," हौसाबाई म्हणाल्या.

संचिताने त्यांना बाकावर जागा करून दिली. "काय सांगितलं?"

"कागद मी नेला म्हणून." त्या बाकावर बसल्या. टपरीवाल्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी एका दमात संपवला. "मी गप्पच होते. बाईंनी सांगितलं होतं तशी. पण त्यांनी ह्याला धरला."

दिपेशने भिंतीला पाठ टेकली. "गेल्या महिन्यात मी वर्करसाठी हातमोजे मागितलेले, त्यावरून मॅनेजरशी वाजलेलं. म्हणाले, तूच दिलास, बदला घेतलास. राजीनामा टाइप करून ठेवलेला टेबलावर. सही कर नाहीतर पोलिसांत देतो. माझी मुलगी तीन महिन्यांची आहे, मॅडम. मी पेन उचललेलं."

"पेन उचललं त्यानं," हौसाबाई म्हणाल्या. "मग मला बसवंना. मी म्हणले, त्या पोराला सोडा, कागद माझ्याकडनं गेलाय. मॅनेजर टुणकन उठला. म्हणाला, चोरी कबूल करतेस? मी म्हणले, साहेब, तुम्हीच तर गठ्ठा दिला बॉयलरपाशी जाळायला. तुमचा ड्रायव्हर होता संगं. जाळायला दिलेल्या कागदाची चोरी कशी काय होती? तर त्यांचा वकील त्याच्याकडं बघाया लागला. वकिलाला ठावंच नव्हतं. इचारतो, कसला गठ्ठा? किती वर्षांचा?"

"आणि हे सगळं लिहून घेतलं?" संचिताने विचारलं.

"ती लॅपटॉपवाली पोरगी लिहीतच होती. बोलेल ते लिहीत होती. नंतर मॅनेजर म्हणाला, जाळायचं काढून टाक त्यातनं. मी म्हणले, काढलं तर सही न्हाई. दिपेशनं मला सगळं वाचून दाखवलं. वकील म्हणाला, राहू द्या तसंच, नंतर बघू. त्याला माझी कबुली पाहिजे होती ना." त्यांनी हातातले कागद पुढे केले. "ही प्रत. आन् हे दुसरं, मला घरी बसवल्याचं."

दुसरा कागद निलंबनाचा होता. संचिताने पहिला वाचला. तिसऱ्या परिच्छेदात, कंपनीच्या लेटरहेडवर, मॅनेजरच्या सहीसकट ते वाक्य होतं. दोन वर्षांच्या तपासणीचे कागद बॉयलरपाशी जाळण्यास दिल्याचे कामगाराचे म्हणणे; व्यवस्थापकांनी ते नाकारलेले नाही.

तिने फोटो काढून उत्तराताईंना पाठवला. मिनिटभरात फोन आला. "हौसाबाईंना दे." मग संचिताला पलीकडचं ऐकू आलं नाही, हौसाबाई नुसत्या "हां, हां" म्हणत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही रडू नका, बाई."

त्याच दुपारी संचिता कल्याणला कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात गेली आणि तक्रारीसोबत ती प्रत जोडून पोच घेतली. देण्याआधी तिने प्रत्येक पानाचे चारही कोपरे दोनदा तपासले.

पुढच्या गोष्टी हळूहळू घडल्या. बारा दिवसांनी निरीक्षक कंपनीत गेले. बॉयलरपाशी राखच होती, पण रक्त तपासणाऱ्या बाहेरच्या लॅबकडे सगळ्या नोंदी शाबूत निघाल्या. एकतीसपैकी सव्वीस जणांना आपापले रिपोर्ट मिळाले. पाच जण गाव सोडून कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. पोपटवर कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू झाले. युरोपातल्या कंपनीने एक लांबलचक पत्र लिहून चिंता व्यक्त केली आणि खरेदी तीन महिने थांबवली. त्याने कामगारांचं भलं झालं की नुकसान, यावर उत्तराताई आणि संचिता अजून वाद घालत. अहवाल जूनमध्ये छापून आला. त्यात अभ्यासाच्या पद्धतीच्या भागात संचिताने आपली चूक लिहिली होती, फाइलींच्या नावांसकट. उत्तराताईंनी ती ओळ वाचली आणि तशीच ठेवली. शिष्यवृत्तीची मुदत त्या सोमवारीच टळून गेली होती.

दिपेशची नोकरी राहिली. हौसाबाईंची गेली. लेबर कोर्टात केस उभी राहिली, उत्तराताई लढत होत्या, आणि तारखांवर तारखा पडत होत्या. हौसाबाई कल्याणमधल्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला लागल्या. संचिता महिन्यातून दोनदा तरी शहाडला जाई. हौसाबाई चहा देत, बोलत, पण पूर्वीसारखं "तुम्ही म्हणाल तसं" हे त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. संचितानेही ते मागितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी हौसाबाई न कळवता नौपाड्याच्या ऑफिसात आल्या. बरोबर त्यांच्याच वयाची, अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला असणारी बाई होती. तिने पर्स छातीशी धरली होती. केंद्रात जी शेजारी बसून पोळ्या लाटते, तिची ही जाऊ, असं हौसाबाईंनी सांगितलं.

संचिताने दोघींना खुर्च्या दिल्या. त्या बाईने पर्स उघडली आणि आतला कागद अर्धा बाहेर काढला.

हौसाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. अजून देऊ नको," त्या म्हणाल्या आणि संचिताकडे वळल्या. "ताई, तुमचा लॅपटॉप हिकडं फिरवा. आधी हिला दाखवा, काय काय झाकणार, कुठं कुठं कापणार. हिला पटलं तर देईल. न्हाई पटलं तर आम्ही चहा पिऊन जाऊ."

"बरोबर आहे," संचिता म्हणाली. तिने खुर्ची ओढून त्या दोघींच्या मध्ये घेतली, लॅपटॉप फिरवला, आणि पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.